राजवाडा ते कान्ह नदी : फ्रेंच पाहुण्यांसमवेत

इंदुरास येणारा पाहुणा बहुधा उज्जैन-ओंकारेश्वराच्या वाटेवरील मुक्काम म्हणून येतो, नाहीतर सराफ्यातील रात्रीच्या खाण्याची कीर्ती ऐकून येतो. शहर पाहावे म्हणून येणारे थोडे, आणि ते पायी पाहणारे त्याहून थोडे. गेल्या हिवाळ्यात मात्र फ्रेंच भाषा बोलणाऱ्या आठ-नऊ पाहुण्यांबरोबर जुन्या इंदुरातून एक सकाळ हिंडण्याचा योग आम्हांस आला. दुभाषी म्हणून आमच्या परिचयातील एका मराठी घरची मुलगी होती. तिने पुण्यास राहून फ्रेंचचे शिक्षण घेतलेले. नातीचे फ्रेंच ऐकावे म्हणून तिची आजीही गोपाळ मंदिरापर्यंत बरोबर आली, आणि तिच्या येण्याने त्या सकाळी मोठाच आधार झाला.

पाहुण्यांना खरे तर माणिकबाग पाहावयाची होती. २०१९ साली पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयात महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय) यांच्या संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरले होते. ते त्यांच्यापैकी काहींनी पाहिले होते. इंदूर हे नाव त्यांना ठाऊक झाले ते तेथेच. आम्ही मात्र त्यांना आधी राजवाड्यापाशी नेले. घराची ओळख दिवाणखान्यातील खुर्च्यांपासून करून देण्यापेक्षा उंबऱ्यापासून करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

राजवाड्याचे सात मजले पाहून पाहुणे बराच वेळ मान वर करून उभे होते. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले, तेव्हा जुना वाडा जळाला. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली, आणि वाड्याला आजचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या त्या पूर्वार्धात. पुढे १९०८ मध्ये आणि पुन्हा १९८४ च्या दंगलीत तो आगीत सापडला, आणि मागील भाग अलीकडे पुन्हा उभारावा लागला. मार्गदर्शिकांत राजवाड्यावर मराठा, मोगल आणि फ्रेंच अशा तीन शैलींची छाप सांगितलेली असते. ते वाचून एका बाईंनी मोठ्या उत्सुकतेने विचारले, “यांतला फ्रेंच भाग कोणता?” सगळेच हसले.

आम्ही त्यांना म्हटले, फ्रान्स शोधावयाचे तर खांबांत नव्हे, फौजेत शोधा. १७९० च्या सुमारास तुकोजीराव होळकरांनी कवायती पलटणी उभारल्या, त्यांचा सरदार द्यूद्रनेक हा फ्रेंच होता. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती द ब्वान्य, ज्याला आपण ‘डी बॉयन’ म्हणून ओळखतो, तो सॅव्हॉय प्रांतातील शांबेरीचा. १७९३ मध्ये लाखेरीस शिंदे आणि होळकर यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या, तेव्हा दोन्हीकडील कवायती पलटणींचे सेनानी फ्रेंच बोलणारे होते. त्यात होळकरांच्या पलटणींचा जवळजवळ निःपात झाला. द ब्वान्य पुढे हिंदुस्थानात मिळवलेली संपत्ती घेऊन गावी परतला. त्याने शांबेरी शहराला मोठ्या देणग्या दिल्या आणि गावाने त्याच्या स्मरणार्थ १८३८ मध्ये चार हत्तींचे कारंजे उभारले.

हे ऐकताच पाहुण्यांतील एक वृद्ध गृहस्थ पुढे झाले. ते त्याच भागातले. त्या हत्तींचे पुढचे अर्धे अंगच काय ते दिसते, यावरून तेथील लोक अजून थट्टा करतात, असे त्यांनी सांगितले. जन्मभर त्या कारंज्यावरून जा-ये केली, पण त्या हत्तींमागे कोणाचे रक्त सांडले हे कधी मनात आले नव्हते, असे म्हणून ते गप्प झाले. मुलीने ते वाक्य मराठीत केले तेव्हा तिचाही आवाज जरा उतरला होता.

आत चौकात गेल्यावर भाषेची खरी अडचण आली. ‘वाडा’ या शब्दाला फ्रेंच प्रतिशब्द मिळेना. ‘पाले’ म्हणावे तर तो राजाचा प्रासाद होतो, आणि वाडा तर कारकुनाचाही असू शकतो. मुलगी अडली आणि तिने आजीकडे पाहिले. आजी म्हणाली, “अगं, भिंती सांगत बसू नकोस. चौक सांग. मधे उघडे आकाश, भोवती सोपे, आणि लग्न असो की मयत, सगळे त्याच चौकात. ज्याला चौक आहे तो वाडा.” मुलीने ते तसेच्या तसे सांगितले. पाहुण्यांपैकी दोघांनी वही काढून ‘वाडा’ हा शब्द उच्चारून उच्चारून टिपून घेतला.

राजवाड्यापासून चार पावलांवर गोपाळ मंदिर. कृष्णाबाई होळकरांनी ते १८३२ मध्ये बांधविले. लाकडी खांबांचा सभामंडप पाहताना आजीने आपल्या लहानपणीच्या गोकुळाष्टमीची हकीकत सांगितली, आणि नातीने ती भाषांतरित करता करता मध्येच थांबून विचारले, “आजी, हे मला तू कधी सांगितलंच नाहीस!” आजी म्हणाली, “तू कधी विचारलंस?” त्या प्रश्नोत्तराचे भाषांतर पाहुण्यांना कोणी करून दिले नाही. आम्हांला मात्र ते फार लागले.

तेथून आजी घरी गेल्या आणि आम्ही कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे वळलो. येथेही शब्दाने गंमत केली. छत्री म्हणजे ‘पाराप्लुई’, पावसात डोक्यावर धरावयाची, एवढेच मुलीच्या शब्दकोशात. मग, ज्याने प्रजेवर छत्र धरले त्याच्या मृत्यूनंतर त्याच्यावर धरलेले दगडी छत्र, असा अर्थ तिने आपल्या बुद्धीने सांगितला आणि तो सर्वांना पटला. कृष्णाबाई, तुकोजीराव (द्वितीय) आणि शिवाजीराव यांच्या या छत्र्या कान्ह नदीच्या काठी उभ्या आहेत.

नदीकाठी उभे राहून आम्ही पॅट्रिक गेडिस यांची गोष्ट सांगितली. महाराजा तुकोजीराव (तृतीय) यांनी या स्कॉटिश नगररचनाकारास इंदुरास बोलावले, आणि १९१८ मध्ये त्यांनी दरबारास दोन भागांचा अहवाल सादर केला. शहर सुधारावयाचे तर आधी ते पायी हिंडून समजून घ्यावे, आणि जुन्या वस्त्या सरसकट पाडण्याऐवजी बेताने दुरुस्त कराव्यात, असे त्यांचे मत होते. त्या काळी प्लेगाने शहर हैराण झाले होते. गेडिस यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढविली. तीत प्लेगाचा भला मोठा उंदीर होता. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार? ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत स्वच्छ, त्या रस्त्याने! आपल्या आळीवरून मिरवणूक जावी म्हणून लोकांनी घरे झाडून-सारवून काढली. २०१७ पासून ओळीने अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान इंदूरला मिळाला, त्याच्या शंभर वर्षे आधीची ही हकीकत. गेडिस पुढे फ्रान्समध्ये माँपेलिए येथे स्थायिक झाले आणि १९३२ मध्ये तेथेच वारले. त्यांना बोलावणारे तुकोजीरावही १९२६ मध्ये गादी सोडल्यावर बराच काळ फ्रान्समध्ये राहिले आणि १९७८ मध्ये पॅरिसला निवर्तले.

पायी चालणे येथे संपले. वाहनाने आम्ही माणिकबागेपाशी आलो. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियुस यांनी यशवंतरावांसाठी १९३० ते १९३३ या काळात उभारलेली ही वास्तू पुढे केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याचे कार्यालय झाली. म्हणून आम्ही फाटकाबाहेरूनच बोललो. रूलमान यांचे मेज, आयलीन ग्रे यांची आरामखुर्ची, पुईफोर्का यांची चांदीची भांडी असे कितीतरी सामान येथे पॅरिसहून आले होते. १९८० मध्ये माँटे कार्लो येथील लिलावात त्यातील पुष्कळ विकले गेले. शिल्पकार ब्रांकुसी यांचे तीन ‘पक्षी’ महाराजांनी घेतले होते. त्यांच्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधावयाचे होते आणि त्यासाठी ब्रांकुसी स्वतः येथे येऊन गेले. मंदिर झाले नाही. संगमरवरी दोन पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेरास आहेत, आणि ब्राँझचा अमेरिकेत पॅसाडेना येथे.

“सगळेच गेले म्हणायचे!” त्या बाई हळहळल्या. मुलीने आमच्याकडे न पाहता स्वतःच उत्तर दिले. ती म्हणाली, “ज्याला किंमत लागली ते गेले. चौक, छत्री आणि नदी येथेच आहेत.”

मराठी कुटुंबे माळव्यात येऊन दोन-अडीच शतके होत आली. आपल्या घरी बोलली जाणारी मराठी आता हिंदीत बरीच मिसळली आहे, त्याचे आम्हांस दुःख नाही. परंतु वाडा कशास म्हणावे, गोपाळ मंदिरातील अष्टमी कशी असे, हे सांगू शकणारी माणसे घरोघरी आज दोन-चारच उरली आहेत, आणि त्यांना विचारण्यास सातासमुद्रापलीकडचा पाहुणा यावा लागावा, ही गोष्ट मनाला बोचते. लिलावात गेलेल्या खुर्च्या निदान परदेशी जपून ठेवलेल्या तरी आहेत. या आठवणींना तसे संग्रहालय नाही.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती की, पुढच्या एखाद्या रविवारी सकाळी, बाजार उघडण्यापूर्वी, मुलांना घेऊन राजवाड्यापासून निघावे. गोपाळ मंदिर पाहून छत्र्यांपर्यंत रमतगमत जाण्यास दोन तास पुरतात. घरातील सर्वांत वडील माणूस बरोबर असावे, आणि प्रश्न मुलांनी विचारावेत. इतर शहरी राहणाऱ्या आपल्या वाचकांनीही, बडोद्यास, ग्वाल्हेरीस, देवासला किंवा हैदराबादेस, आपापल्या जुन्या पेठेतून अशीच एक फेरी आखावी.