लॅपटॉपची डिस्क, केजचा डेस्कटॉप

केजमध्ये मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले हे बाराही महिने असतंच. जून-जुलैत त्यात पीक विम्याची भर. 2023च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला आणि दारासमोर चपला ठेवायला जागा उरेना. नेमका तेव्हाच माझा डेस्कटॉप मान टाकायचा. नेट चालू, पोर्टलही चालू, पण पासबुकाचं स्कॅन उघडायला घेतलं की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के. समोर बसलेले बाबा म्हणायचे, “ताई, हे निस्तं गोल गोलच फिरायलंय की वो.”

मशीन एच61 चिपसेटचं, 500 जीबीच्या फिरत्या हार्ड डिस्कचं. जो तो सांगायचा, नवीनच घ्या. विम्याच्या एका अर्जामागे सुटणाऱ्या कमिशनवर नवीन मशीन घेणाऱ्याला माझा नमस्कार.

पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने लॅपटॉपची डिस्क मोठी करून घेतली आणि निघालेली 256 जीबीची माझ्या हातावर ठेवली. “आत्या, बघ तुझ्या डब्याला जीव येतो का.” एम.2 म्हणतात ती ही पट्टी. 22 मिलिमीटर रुंद, 80 लांब, म्हणून अंगावर 2280 लिहिलेलं. लॅपटॉपमध्ये ती थेट बोर्डवर बसते. माझ्या बोर्डवर तशी जागाच नाही, तेव्हा मध्ये अडॅप्टर हवा.

बीडला एका दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने पट्टीकडे नीट न बघताच अडीच इंची डबी पुढे केली. एम.2 पट्टी आत घालायची आणि डबीला नेहमीची साटाची केबल जोडायची. “बसतंय ना मॅडम, सगळ्यांना हेच देतो.” मी तिथेच बसवून बघितली, जाईना. कारण खाचेत होतं. पट्टीच्या सोनेरी कडेला माझ्या डिस्कवर एकच खाच होती, एम की म्हणतात ती. डबीतलं सॉकेट बी कीचं. साटाच्या एम.2 पट्ट्यांना बहुधा दोन खाचा असतात, त्या अशा डबीत बसतात. माझी पट्टी एनव्हीएमई, म्हणजे साटाची भाषाच न बोलणारी. कुठून तरी दोन खाचांची एनव्हीएमई पट्टी आणून ती डबीत बसवली असती, तरी चालली नसती. साध्या अडॅप्टरमध्ये दुभाषा नसतो, फक्त तारा इकडून तिकडे जोडलेल्या असतात. मुलगा म्हणाला, “मग डिस्कच खराब असंल.” मी डबी काउंटरवर ठेवली आणि निघाले.

शेवटी ऑनलाइन मागवलं ते पीसीआय एक्स्प्रेसचं कार्ड. तीन-साडेतीनशे रुपयांची हिरवी पाटी, सोबत दोन पत्र्या: उंच कॅबिनेटसाठी एक, बुटक्यासाठी एक. ग्राफिक्स कार्डचा लांब स्लॉट माझ्याकडे पहिल्यापासून रिकामाच, केंद्रात गेम कोण खेळतंय! कॅबिनेट उघडलं तर आत धुळीचा थर. आधी ब्लोअर मारला. पट्टी तिरकी धरून सॉकेटमध्ये सरकवायची, मग आडवी दाबून टोकाला बारीक स्क्रू लावायचा. तो स्क्रू पाकिटात आलाच नव्हता. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या दादांनी त्यांच्या डबीतून तसाच एक शोधून दिला.

विंडोज 10ने डिस्क लगेच ओळखली. बायोसच्या बूट यादीत मात्र तिचं नावच नाही. म्हणजे फायली ठेवता येतील, पण मशीन तिच्यावरून सुरू होणार नाही. एनव्हीएमईवरून बूट होणं साधारण 2014च्या, इंटेलच्या 9 मालिकेतल्या बोर्डांपासून रुळलं, एच61 त्याआधीचं. दोन वाटा होत्या. एक, बायोस बदलून त्यात एनव्हीएमईचा भाग घालायचा. भाचा फोनवर उत्साहात होता, पण मी नको म्हटलं. बायोस लिहिताना लाइट गेली तर बोर्ड बसलाच समजा, आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल ते महावितरणलाही सांगता येत नसावं. यूपीएसची बॅटरीही म्हातारी.

दुसरी वाट क्लोव्हरची. हा छोटा बूटलोडर पेनड्राइव्हवर टाकायचा, त्याच्या फोल्डरात एनव्हीएमईचा ड्रायव्हर ठेवायचा. मशीन आधी पेनड्राइव्हवरून उठतं, मग क्लोव्हर डिस्क शोधून विंडोज सुरू करतो. संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर भाच्याने व्हिडिओ कॉलवर एकेक पायरी सांगितली. पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावला आणि वर चिकटपट्टीवर लिहिलं, ‘काढू नये’. पुढच्या पोर्टांत दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह येत-जात असतात. तिथे हा अर्धा दिवसही टिकला नसता.

आता चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात कामाला बसता येतं. स्कॅन क्लिक करताच उघडतं. पोर्टल मात्र आपल्याच मर्जीने चालतं, त्याला अडॅप्टर नाही. जुनी हार्ड डिस्क काढली नाही. सेवेतल्या कागदांची रोजची नक्कल तिच्यावर जाते, कारण एसएसडी गेली की बऱ्याचदा आगाऊ सूचना न देता जाते आणि तिच्यातलं परत काढणं अवघड.

या कार्डाच्या चार मार्गिकांवर, पीसीआय एक्स्प्रेस 2.0च्या हिशेबाने, सेकंदाला 2 जीबीपर्यंत जाता येतं. माझ्या बोर्डच्या साटा पोर्टची मर्यादा 300 एमबीच्या आसपास. कागदावर फरक मोठा. दाखल्यांच्या कामात तो जाणवत नाही; जाणवतं ते फिरती तबकडी सुटणं. म्हणून जुन्या मशीनसाठी पदरचे पैसे घालून घेणार असाल, तर सरळ अडीच इंची साटा एसएसडी घ्या. अडॅप्टर, क्लोव्हर काहीच लागत नाही. डिस्क आयती मिळाली असेल तर दुकानात जाण्याआधी तिची खाच बघा, बोर्डचा मॉडेल नंबर लिहून घ्या, आणि ‘बसतंय ना’ यावर पैसे देऊ नका.