निळीच्या रांजणातले कामकरी

मुलांनो, डहाणूची गाडी विरार सोडून निघाली की वैतरणा, सफाळे, केळवे रोड मागे पडतात आणि पालघर येतं. पावसाळ्यात रुळांच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि बांधावर माजलेला टाकळा. उमरोळीनंतर बोईसर आलं की देखावा बदलतो. इथे तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. औषधं, रसायनं, पोलाद, कापड आणि रंग, सगळं इथे तयार होतं.

बांधावरचा टाकळा आणि कारखान्यातला रंग, यांचा काय संबंध? आहे बरं का! त्यासाठी निळीची गोष्ट ऐकायला हवी.

निळीच्या झुडपाची पानं असतात हिरवी. ती पाण्यात कुजत घालून ते पाणी घुसळलं की निळा गाळ तळाशी बसतो. त्याच्या वाळवलेल्या वड्या म्हणजे नीळ. पण गंमत अशी, की ही नीळ पाण्यात विरघळतच नाही! मग ती धाग्यात शिरणार कशी?

जुन्या रंगाऱ्यांनी युक्ती काढली. रांजणात नीळ आणि चुना घालायचा. जीवाणूंना खाऊ म्हणून कुठे गूळ, तर दक्षिणेत टाकळ्याच्या शिजवलेल्या बिया! मग झाकण ठेवून काही दिवस आंबू द्यायचं. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, या रांजणातला १० ते ११. एवढ्या तिखट अल्कात बहुतेक जीवाणू तग धरत नाहीत. अल्कप्रेमी जीवाणूंना मात्र तिथेच करमतं. ते सोडियम बाहेर टाकून हायड्रोजनचे आयन आत ओढतात आणि पेशीच्या आतला सामू आटोक्यात ठेवतात.

खाऊ पचवताना हे जीवाणू निळीला इलेक्ट्रॉन देतात. नीळ मग पिवळट-हिरवी होते आणि अल्कात विरघळते. कापड बुडवून बाहेर काढलं की हवेतला ऑक्सिजन लागतो आणि बघता बघता ते निळं होतं! शेकडो वर्षं हे काम करणाऱ्यांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती. २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी निळीच्या आंबवणातल्या अशा एका जीवाणूचं नाव ठेवलं, अल्कलीबॅक्टेरियम सायक्रोटॉलरन्स.

१८९७ मध्ये जर्मनीतून कारखान्यातली नीळ बाजारात आली. आज तुमच्या जीन्समधली नीळ बहुधा तशीच. ती विरघळवण्याचं जीवाणूंचं काम आता सोडियम हायड्रोसल्फाइट करतं. काम झटपट होतं, पण त्यातून उरलेले क्षार सांडपाण्यात जातात.

सांडपाणी म्हटलं की तारापूरकर कान टवकारतात. इथल्या कारखान्यांचं पाणी सामायिक केंद्रात शुद्ध करून नवापूरजवळ समुद्रात सोडतात. ते नीट शुद्ध झालं नाही तर भोगायचं कुणी? खाडीतल्या माशांनी आणि त्यांच्यावर पोट असलेल्या कोळी बांधवांनी. म्हणूनच २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली.

शुद्धीकरणाच्या टाक्यांतही राबतात ते जीवाणूच! पण कापड रंगवलेलं पाणी बरेचदा अल्कधर्मी असतं. साध्या जीवाणूंना ते सोसत नाही, म्हणून आधी आम्ल घालून सामू उतरवावा लागतो. तेव्हा शास्त्रज्ञ विचारतात, अशा पाण्यातला रंग अल्कप्रेमींनाच फोडायला दिला तर? असे जीवाणू आपल्या राज्यातही आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचा सामू १० च्या आसपास असतो आणि तिथल्या जीवाणूंचा अभ्यासही झाला आहे.

साऱ्या जगाचं कापड रांजणात रंगवणं आता जमायचं नाही. पण रांजणातल्या या कामकऱ्यांची युक्ती कारखान्याच्या टाकीत नेणं जमू शकेल. ते काम पुढे तुमच्यापैकीच कुणीतरी केलं, तर नवापूरच्या होड्या तुम्हांला दुवा देतील!