रानपिंगळ्याच्या भेटीचा बेत

आफ्रिकेंतील डोंगरी गोरिला त्यांच्या रानांत जाऊन एकदां डोळ्यांनीं पाहावे, ही इच्छा आम्हीं पुष्कळ वर्षें मनांत बाळगली होती. जव्हारसारख्या गांवीं राहून असली इच्छा धरणें शेजाऱ्यांना चैनीचें वाटे; पण पेन्शनींत आलेल्या मनुष्याला दुसरा उद्योग तरी कोणता? त्यांतून गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं आमच्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचें सांगितलें, आणि जें पाहावयाचें तें आतांच पाहून घ्यावें असें वाटूं लागलें.

चौकशी केली. रवांडांत नुसत्या दर्शनाच्या परवान्याला २०१७ सालापासून १,५०० डॉलर पडतात. एका कळपाकडे दिवसांतून एकदांच, फार तर ८ पाहुणे, तेहि एक तास. १५ वर्षांखालील मुलांस मज्जाव. सर्दी-खोकला झालेल्यांनाहि मनाई, कारण मनुष्याचे रोग त्या प्राण्यांना लागतात. पैशाचा आंकडा ऐकून आमच्या सौभाग्यवतींनीं चष्मा काढून पुसला व पुन्हा डोळ्यांवर ठेवला. तेवढ्यानेंच निकाल लागला. नात अकरा वर्षांची, म्हणजे तीहि बाद. पण तीच म्हणाली, "आजोबा, आपल्याकडे असं दुर्मिळ कांहींच नाहीं का?"

आहे. शहापूर, वाडा व मोखाडा तालुक्यांत पसरलेल्या तानसा अभयारण्यांत २०१४ सालीं रानपिंगळा आढळला. साळुंकीएवढें हें घुबड शास्त्रज्ञांना १८७२ सालीं प्रथम मिळालें, आणि १८८४ नंतर जें नाहींसें झालें तें ११३ वर्षें. मध्यंतरीं मायनर्ट्झहॅगन नांवाच्या एका नामांकित इंग्रज कर्नलानें १९१४ सालीं आपणांस तें गुजरातेंत मिळाल्याचें सांगितलें होतें. पुढें उघडकीस आलें कीं, साहेबांनीं लंडनच्या संग्रहालयांतील जुनाच नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती! कचेरींत उभा जन्म चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवण्यांत घालविल्यामुळें ही हकीकत आम्हांस विशेष झोंबली. ती खोटी नोंद बाजूस सारून पामेला रासमुसेन व त्यांचे दोन सोबती खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर भर दिवसां बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला.

तो दिवसां वावरतो, हें आमच्या डोळ्यांचें भाग्यच. सागाचीं पानें गळलीं म्हणजे तो लांबूनहि दिसेल, म्हणून माघ महिना धरला. पहांटे निघून मोखाडा, खोडाळा, विहीगांव करीत कसाऱ्याजवळ हमरस्त्याला लागावयाचें व खर्डीवरून रानाकडे वळावयाचें. नेहमींच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठसठशीत पांढरे ठिपके असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतातच. नातीनें दोघांचींहि चित्रें काढून भिंतीवर लावलीं. "अहो, माणसं घुबड दिसूं नये म्हणून देव पाण्यांत घालतात," एवढेंच सौभाग्यवती म्हणाल्या.

अडचण आली ती निराळीच. वाटाड्या म्हणून ज्या ओळखीच्या तरुणाला विचारलें, तो म्हणाला, "बाबा, काळजी नको. मोबाइलवर त्याची हांक वाजवली कीं समोर येऊन बसतो." आम्ही हुरळलों. अंधुक होत चाललेल्या डोळ्यांना याहून सोपें काय हवें? पण रात्रीं झोंप येईना. माघ म्हणजे त्याच्या विणीचेच दिवस. झाडाच्या ढोलींत अंडीं किंवा पिलें असावयाचीं. हांक ऐकून तो येतो तो कांहीं आमच्या भेटीला नव्हे. दुसरा कोणी आपल्या हद्दींत शिरला असें समजून भांडावयास येतो. गोरिलाच्या बाजूनें पहारेकरी उभे असतात, घड्याळ लावलेलें असतें. येथें आमचा हात धरणारें कोणी नसणार.

सकाळीं त्या तरुणाला आम्हीं हांक वाजवूं नये म्हणून सांगितलें. "मग दिसेलच असं नाहीं, बाबा," तो म्हणाला. तें आम्हांसहि ठाऊक होतें. पुढच्या माघापर्यंत डोळे कितपत साथ देतील, हें मात्र आम्हीं घरांत कोणाला सांगितलेलें नाहीं.

नातीनें आफ्रिकेच्या धर्तीवर नियमांचा कागद केला आहे: एक तास, लांबूनच, बोलणें बंद. खोकणाऱ्यांस मनाई, हें कलमहि तिनें राहूं दिलें आहे. सौभाग्यवतींचा खोकला संक्रांतीपासून हटलेला नाहीं. त्या सध्यां ज्येष्ठमध तोंडांत धरून तासभर न खोकण्याचा सराव करीत आहेत.