गरम होत नाही, म्हणूनच!

मेण! इंजिनाचं तापमान सांभाळणाऱ्या त्या पठ्ठ्याच्या पोटात चक्क मेण असतं! एवढी वर्षं गाडी चालवतेय, पण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. थर्मोस्टॅट वॉल म्हणतात त्याला. मुठीत मावेल एवढा, ना वायर ना बॅटरी. इंजिन थंड आहे तोवर मेण घट्ट आणि झडप बंद. तापलं की मेण वितळतं, फुगतं, आतला दांडा रेटतं, झडप उघडते आणि कूलंट सुटतं रेडिएटरकडे. झालं! एवढंच!

विश्वास बसेना म्हणून नवा वॉल दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात टांगला आणि गॅस पेटवला. शेजारी थर्मामीटर (तापाचा नव्हे, पाकाचा). वॉलवर ८२ हा आकडा कोरलेला. सत्तर झाले, पंचाहत्तर झाले, ढिम्म नाही. ऐंशी ओलांडले आणि कडेला केसाएवढी फट दिसली! मी ओरडलेच. नव्वदीच्या पुढे गेल्यावर झडप चांगली सात-आठ मिलिमीटर उघडली. मग गाडीतून काढलेला जुना वॉल सोडला. पाण्याला उकळी फुटली तरी हा अर्धाच उघडून थांबला. आणि गाडीची तक्रार? काहीच नव्हती! सपाट रस्त्यावर, गावातल्या गावात अर्धी झडपही पुरते. मे महिन्यात, एसी लावून, पाच माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढताना मात्र नसती पुरली. (ते पातेलं आता स्वयंपाकातून कायमचं बाद. कूलंट विषारी असतं.)

रेडिएटरची कॅप तर त्याहून भारी. मला ते नुसतं झाकण वाटायचं. ते झाकण नाहीच, ती कुकरची शिट्टी आहे! माझ्या कॅपवर ०.९ लिहिलंय, म्हणजे साधारण तेवढ्या बारचा दाब ती आत धरून ठेवते आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईतो उकळत नाही. आता कॅपचं रबर कडक झालंय, दाब धरत नाही असं समजा, आणि गाडी काढा महाबळेश्वरला. सुमारे १,३५० मीटर उंची! तिथे उघड्यावरचं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे थोडी सवलत मिळते, पण बाकी सगळी भिस्त त्या दोन-तीनशे रुपयांच्या कॅपवर. कॅपमध्ये आणखी एक इवलीशी झडप असते, उलट्या दिशेची. इंजिन निवताना ती बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देते. सकाळी रेडिएटरचा वरचा पाईप चपटा बसलेला दिसला, तर आधी तिच्यावर संशय घ्यावा. बघायचं ते थंड इंजिनावरच. गरम गाडीची कॅप फिरवू नये, तोंडावर फवारा येतो.

दुकानात गेले तेव्हाचा संवाद मला फार आवडला.

"ताई, गाडी गरम होतेय का?"

"नाही."

"मग कशाला बदलताय?"

"गरम होत नाही, म्हणूनच!"

तो हसला, पण हिशोब बघा ना. वॉल, कॅप, वरचा-खालचा पाईप, चार क्लिपा, नवं कूलंट, सगळं मिळून दोन-तीन हजार. आणि गाडी एकदा सणकून तापली की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅसकेट उडतं, हेड उतरवून फेस मारायला पाठवावं लागतं. ते बिल कुठल्या कुठे जातं! शिवाय घाटात बॉनेट उघडून उभं राहणं वेगळंच.

काही जण सुचवतात, वॉल काढूनच टाका, गाडी थंड राहील. अहो, पण इंजिनाला थंड राहायचंच नसतं! गार इंजिन पेट्रोल जास्त पितं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, मळी साचते. काही इंजिनांत तर वॉल काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आत फिरतं आणि गाडी उलट तापते. नवीन कॅप घेतानाही आकडा तोच घ्यायचा, जास्त दाबाची घेतली तर जुने पाईप फुटतात. आणि बोअरचं पाणी ओतू नये, क्षार धरतात.

पाईप तर हाताला कळतात! इंजिन थंड असताना क्लिपेजवळ दाबून पाहायचं. फुगवटा, चिकटपणा, करकर आवाज, यातलं काहीही असलं की पाईप बदलायचा. मी आता दिसेल त्या गाडीचे पाईप दाबत सुटलेय. आमच्या सोसायटीतल्या काकांनी रविवारी स्वतःहून बॉनेट उघडून दिलं. त्यांचा खालचा पाईप क्लिपेपाशी मऊ पडलाय आणि पुढच्या आठवड्यात ते आंबोलीला निघालेत. पाईप आणलाय, कूलंट आणलंय, उद्या सकाळी इंजिन गार असतानाच बसतो आम्ही कामाला!