सर्व्हिस

भाषांतर करणाऱ्याला अवघड शब्दांचे फारसे भय वाटत नाही. अवघड शब्दांसाठी कोश असतात. त्याची फजिती होते ती सोप्या शब्दांपाशी. 'सर्व्हिस' या शब्दाने माझी अशी फजिती नोकरीच्या पहिल्याच वर्षी केली. कोर्टकचेऱ्यांविषयीच्या एका लेखात समन्सच्या सर्व्हिसचा उल्लेख होता. मी निःशंकपणे लिहिले, "समन्सची सेवा करण्यात आली." आमच्या वयोवृद्ध संपादकांनी तो कागद परत पाठविताना समासात एवढेच लिहिले होते, "पाय चेपले की आंघोळ घातली?" समन्स 'बजावतात', हे तेव्हापासून माझ्या पक्के ध्यानात आहे.

हा शब्द आपल्या घरात किती वेषांनी वावरतो ते पाहा. मोटार सर्व्हिसिंगला जाते आणि मुलगा सर्व्हिसला जातो. टेनिसचा खेळाडू सर्व्हिस करतो, आणि निवृत्त माणूस आपली 'तीस वर्षे सर्व्हिस' सांगतो. एकेकाळी गावोगाव धावणाऱ्या खाजगी गाडीलाही 'सर्व्हिस मोटार' म्हणत. सरकारी मराठीने यातील बहुतेकांना 'सेवा' हे एकच भारदस्त पागोटे घातले. म्हणून सेवापुस्तक, सेवानिवृत्ती, लोकसेवा आयोग आणि 2017 पासून वस्तू व सेवा करसुद्धा! ज्या शब्दाने आपण देवाची पूजा केली, त्यावर आता कर भरावा लागतो, हे ऐकून माझ्या आजीला मौज वाटली असती.

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असे आपले पूर्वज म्हणत. माझ्या आईच्या पिढीने हा क्रम नेमका उलटा केला, आणि त्या कामी या इंग्रजी शब्दाची फार मदत झाली असावी. 'चाकरी' म्हटले की मान खाली जाते. 'सर्व्हिस' म्हटले की स्थळे सांगून येतात. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1905 साली पुण्यात 'सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी', म्हणजेच भारत सेवक समाज, स्थापन केला, तेव्हा त्याचे सभासद स्वतःसाठी धन न मिळविण्याची प्रतिज्ञा करीत. तेथे सेवा म्हणजे मिळकतीचा त्याग. आमच्या घरी सर्व्हिस म्हणजे मिळकतीची हमी.

ती हमी पाहण्यासाठीच मी गेल्या डिसेंबरात श्रीपेरुंबुदूरला गेले. माझा धाकटा भाऊ तेथील एका कारखान्यात काम करतो. "त्याची सर्व्हिस पक्की आहे का, एवढे डोळ्यांनी पाहून ये," असे आईने बजावले होते.

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सुमारे 40 किलोमीटरवर हे गाव आहे. आपल्याकडे अनेकांना ते 21 मे 1991 रोजी येथे झालेल्या राजीव गांधींच्या हत्येमुळे ठाऊक असते. त्याच्या कितीतरी आधीपासून ते रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. परंपरेप्रमाणे आचार्यांचा जन्म 1017 सालचा. आता भोवताली मोटारींचे आणि विजेच्या उपकरणांचे कारखाने उभे राहिले आहेत.

भावाने मला प्रथम न्याहारीस नेले. तमिळ अक्षरे तो नुकतीच शिकला आहे, म्हणून मोठ्या ऐटीने पाटी वाचून म्हणाला, "ताई, इथे सेवा मिळते बघ." पाटीवर 'सेवै' होते, आणि पानावर आली ती तांदळाच्या शेवयांची लिंबू पिळलेली फोडणी! तमिळमध्ये सेवा आणि या शेवया एकाच तऱ्हेने लिहितात.

पुढे आदिकेशव पेरुमाळांच्या देवळात तिसराच अर्थ भेटला. दर्शन घेऊन बाहेर येताना एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "सेवै झाली का?" मी ओशाळून म्हटले, "नाही हो, नुसते हात जोडले." ते हसले. श्रीवैष्णवांच्या बोलीत देवाचे दर्शन म्हणजेच सेवै; उत्सवात गरुडावर बसलेल्या देवाचे दर्शन ती गरुडसेवै. मग झाडलोट करणे, फुले ओवणे याला काय म्हणायचे? "ते कैंकर्य," ते म्हणाले. किंकर, म्हणजे 'मी काय करू?' असे विचारणारा, त्याचे ते कर्म. हा शब्द मला इतका आवडला की तेथेच पायरीवर बसून टिपून घेतला.

संध्याकाळी भावाने आपल्या खोलीत पेटीतून एक कागद काढला. ठेकेदाराचा सात महिन्यांचा करार होता, इंग्रजीत. एका ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "ताई, तू रोज हेच करतेस ना? यात सर्व्हिस म्हणजे काय?"

ओळीचा अर्थ असा होता, की या मुदतीतील काम कारखान्यातील सर्व्हिस म्हणून धरले जाणार नाही. औद्योगिक विवादांच्या जुन्या कायद्यात बारा महिन्यांत 240 दिवस काम भरले, तर ती वर्षाची अखंड सेवा मानीत. सात महिने म्हणजे 215 दिवसांच्या आतच. माझ्यापाशी या एका शब्दाला सहा मराठी शब्द होते. 'सेवा' म्हणावे तर तो रोज आठ तास उभा राहून करतो ती कोणती? मी म्हटले, "इथे सर्व्हिस म्हणजे हक्क. काम तुझे, पगार तुझा. त्या दिवसांवरचा हक्क तुझा नाही." त्याने कागद घडी करून पुन्हा पेटीत ठेवला आणि मला चहा हवा का म्हणून विचारले.

रात्री आईचा फोन आला. "पक्की आहे ना गं?" मी सांगितले, सात महिन्यांची आहे, पाच झाले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे रोजंदारीच की."

कचेरीत परतल्यावर मी कोश उघडला. त्या इंग्रजी शब्दापुढे हा अर्थ नव्हता. मी तो पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.