कोऱ्या उत्तरपत्रिकेवरचे नाव

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये ताकाओ सैतो नावाचा एक शाळकरी मुलगा परीक्षेत कोऱ्या उत्तरपत्रिका देत असे. परीक्षेचा त्याला मनस्वी तिटकारा होता. टोगो नावाच्या शिक्षकांनी त्याला शिक्षा केली नाही. कोरा कागद देणे हा तुझा निर्णय आहे, तेव्हा त्यावर स्वतःचे नाव लिहून त्याची जबाबदारीही घे, एवढेच त्यांनी बजावले. हा मुलगा फार शिकला नाही. लवकरच शाळा सोडून तो ओसाकातील घरच्या केशकर्तनालयात काम करू लागला. चित्रे काढण्याचा नाद मात्र त्याने सोडला नाही. पुढे १९६८ मध्ये त्याने एका चित्रकथेचा नायक निर्माण केला, तेव्हा त्या शिक्षकांचेच नाव त्याला दिले : ड्यूक टोगो. हा नायक साधुपुरुष नव्हे, तर पैसे घेऊन माणसे मारणारा एकाकी मारेकरी होता. शिक्षकाला वाहिलेली अशी आदरांजली विरळाच!

‘गोल्गो १३’ ही ती चित्रकथा. येशू ख्रिस्ताला जेथे क्रुसावर चढवले, त्या गोल्गोथा या स्थळावरून हे नाव घेतले आहे. दहाएक भागांत कथा आटोपेल, असा सैतो यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जुलै २०२१ मध्ये तिचा २०१वा खंड प्रसिद्ध झाला आणि एकाच चित्रकथामालेचे सर्वाधिक खंड म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली.

एका मारेकऱ्यात वाचकांना पन्नासहून अधिक वर्षे गुंतवून ठेवण्यासारखे काय असावे? नेमबाजी हे उत्तर अपुरे आहे. गोळी सुटते ती बहुधा अखेरच्या काही पानांत, आणि ती चुकणार नाही हे वाचकाला आधीपासूनच ठाऊक असते. ओढ लावतात ते गोल्गोचे नियम. काम देणाऱ्याने खरे कारण सांगितलेच पाहिजे. एकदा काम स्वीकारले, की त्या माणसाची पुन्हा भेट नाही. तो कोणाशी हस्तांदोलन करत नाही, कोणाला पाठीमागे उभे राहू देत नाही आणि फार कमी बोलतो. दिलेला शब्द मात्र मोडत नाही. वरिष्ठांची टोलवाटोलवी आणि पोकळ आश्वासने रोज अनुभवणाऱ्या नोकरदाराला असा माणूस निदान कागदावर तरी भेटावासा वाटला, तर नवल नाही.

येथेच मन अडखळते. आपल्याकडे अशा कामाला ‘सुपारी घेणे’ म्हणतात, आणि त्या शब्दात कौतुकाचा लवलेशही नसतो. वचन पाळले, म्हणून हत्या क्षम्य ठरते काय? सैतो यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले नाही; नायकाला चांगले ठरवण्याची धडपडही केली नाही. त्याचे मूळ, त्याचा देश, त्याचे बालपण यांविषयी अनेक कथांत तर्क लढवले जातात; खात्रीचे असे काहीच हाती लागत नाही. कित्येक कथांत तो मोजक्याच पानांवर दिसतो. उरलेली पाने त्याला बोलावणाऱ्यांची असतात : हेर, सेनाधिकारी, उद्योगपती, सूडाने पेटलेला एखादा बाप. बंदूक त्याची असली, तरी द्वेष आणि हाव इतरांची असते. शीतयुद्ध सरले, संगणक आले, कंपन्यांची भांडणे देशांच्या सीमा ओलांडून गेली. त्याचे वय वाढले नाही आणि त्याला बोलावणारेही संपले नाहीत. वाचक अस्वस्थ होतो तो यामुळे.

सैतो यांची कामाची रीतही नायकासारखीच शिस्तीची होती, पण एकाकी मुळीच नव्हती. चित्रपटनिर्मितीप्रमाणे त्यांच्या चित्रशाळेत कथा, पार्श्वभूमी, शस्त्रांचे तपशील अशी कामे वेगवेगळ्या माणसांकडे वाटून दिलेली असत. एकत्र बसून काम करावे लागत असल्यामुळेच २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत ही माला इतिहासात प्रथमच थांबली आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू झाली. २४ सप्टेंबर २०२१ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी सैतो यांचे निधन झाले. आपल्यामागेही माला चालू राहावी, अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार त्यांचे सहकारी नव्या कथा रचत राहिले. खंडांवर नाव मात्र सैतो यांचेच छापले जात राहिले.