गरीब चेहऱ्याची पेशी

पोटभर पसरलेल्या अपेंडिक्सच्या कॅन्सरचा नमुना प्रयोगशाळेत येतो, तेव्हा बरणीत मांस कमी आणि बुळबुळीत श्लेष्माच जास्त असतो. साबुदाण्याच्या लापशीसारखा दाट. काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की म्युसिनची, म्हणजे याच श्लेष्म्याची, विस्तीर्ण तळी दिसतात आणि त्यांच्या काठाला कुठंतरी पेशींची एक बारीक ओळ. काही पट्ट्यांत तर एकही पेशी नसते.

सापडते तीही गरीब चेहऱ्याची. केंद्रक आटोपशीर, विभाजन क्वचित. कॅन्सरची पेशी बेढब आणि उतावळी असते, असं शिकून आलेल्या डोळ्याला ती निरोगीच वाटावी. तिला पकडायचं ते पत्त्यावरून: अपेंडिक्सच्या अस्तरातली ही बाई उदरपोकळीत काय करते आहे?

हा पत्ता शोधण्यातच शास्त्राची बरीच वर्षं गेली. पोट श्लेष्म्यानं भरण्याच्या या आजाराला १८८४ मध्ये वेर्थ यांनी ‘स्यूडोमिक्झोमा पेरिटोनाय’ हे नाव दिलं ते अंडाशयाच्या गाठीसंदर्भात. पुढं कित्येक दशकं बायकांमध्ये दोष अंडाशयावरच जात राहिला. बहुतेक वेळा उगम अपेंडिक्समध्येच असतो, हे १९९० च्या दशकात प्रथिनांच्या आणि जनुकांच्या खुणा ताडून पाहिल्यावर पक्कं झालं.

अपेंडिक्स श्लेष्म्यानं फुगून फुटतं आणि पेशी पोटातल्या द्रवाबरोबर वाहत निघतात. उजव्या बाजूला श्वासपटलाखाली, वपेवर, ओटीपोटाच्या तळाशी, जिथं द्रव शोषला जातो किंवा साचतो, तिथं त्या ठाण मांडतात. सतत हलणारं लहान आतडं सुरुवातीला बचावतं. यकृतात किंवा लसिकाग्रंथींत या मंद प्रकाराच्या पेशी सहसा जात नाहीत.

यांतल्या अनेक पेशींत केआरएएस आणि जीएनएएस ही जनुकं बिघडलेली आढळतात. जीएनएएस बिघडलं की ‘स्रवत राहा’ हा निरोप थांबतच नाही: पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं आणि एमयूसी२ या म्युसिनचं उत्पादनही. पेशी मोजक्याच राहतात, पण त्यांचा माल पोट भरून आतडी आवळतो.

म्हणून विभाजनावर घाव घालणारी नेहमीची केमोथेरपी इथं फिकी पडते. शल्यविशारद पोटाचं अस्तर तासून काढतात आणि सुमारे ४१ ते ४३ अंशांपर्यंत तापवलेलं औषध पोकळीत फिरवतात. सिडनीत डेव्हिड मॉरिस यांच्या गटानं वेगळी दिशा धरली: अननसातलं ब्रोमेलेन आणि अॅसिटिलसिस्टीन एकत्र वापरून म्युसिनच विरघळवायचं. मला ही दिशा पटते. या आजारात माणसाचा जीव घेतो तो पेशीचा स्राव, आणि आम्ही मात्र वर्षानुवर्षं तो धुऊन टाकून पेशी तेवढ्या मोजत आलो.